वारंवार नकार येतोय? अकाउंटंटने रेझ्युमे असा तपासावा

लागोपाठ नकार आले की पहिला हात रेझ्युमेवर पडतो. टेम्प्लेट बदलतो, फॉन्ट बदलतो, वर एक भारदस्त परिच्छेद चढतो. त्याआधी अर्ध्या तासाचं एक काम करून घ्यावं: आजवर केलेल्या अर्जांची एक्सेल शीट. तारीख, पदाचं नाव, जाहिरातीत मागितलेलं सॉफ्टवेअर, मागितलेला अनुभव, कोणता रेझ्युमे पाठवला आणि गाडी कुठे अडली, एवढेच कॉलम पुरेत. यातला शेवटचा कॉलम सगळ्यात मोलाचा.

अर्ज केल्यावर काही मिनिटांतच नकाराचा मेल आला असेल, तर बहुतेक वेळा रेझ्युमे कोणी उघडलेलाच नसतो. फॉर्ममध्ये विचारलेली अनुभवाची वर्षं, नोटीस पिरियड, अपेक्षित पगार यांपैकी एखाद्या उत्तरावर चाळणी लागलेली असते. तिथे रेझ्युमे कितीही घासूनपुसून लख्ख केला तरी फरक पडणार नाही. फोन येतो पण पुढे काही होत नाही, असं असेल तर पगाराची अपेक्षा आणि नोकरी सोडण्याचं कारण कसं सांगता ते तपासा. लेखी टेस्टला अडत असेल तर एक्सेल आणि जर्नल एन्ट्रीचा सराव कमी पडतोय. अर्ज गेला आणि पुढे शांतता, किंवा काही आठवड्यांनी छापील नकार, हा मात्र रेझ्युमेचा आजार. पुढचं सगळं त्यासाठी.

अकाउंटंटच्या रेझ्युमेत हमखास सापडणारं वाक्य असं असतं: "दैनंदिन नोंदी, बँक रिकन्सिलिएशन, व्हेंडर पेमेंट आणि एमआयएस रिपोर्ट सांभाळले." बँक रिकन्सिलिएशन म्हणजे बँकेच्या स्टेटमेंटचा आपल्या नोंदींशी ताळमेळ, एमआयएस म्हणजे व्यवस्थापनासाठीचे अहवाल. यात खोटं काहीच नाही. पण एका दुकानाची वही लिहिणाऱ्यापासून मोठ्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात बसणाऱ्यापर्यंत कोणीही ते लिहू शकतं. निवड करणारा फायनान्स मॅनेजर हे वाक्य वाचतो तेव्हा त्याच्या डोक्यात ठरलेले प्रश्न येतात. महिन्याला बिलं किती? पर्चेस ऑर्डरची किती, बिनऑर्डरची किती? पेमेंट रन, म्हणजे देय बिलांचे पैसे एकत्र चुकवणं, आठवड्याला की पंधरवड्याला? व्हेंडरच्या स्टेटमेंटशी ताळमेळ कोण घालायचं? उत्तरं कागदावर नसतील तर तो पुढच्या रेझ्युमेकडे वळतो.

तेच काम असं लिहून पाहा: "महिन्याला सुमारे 900 खरेदी बिलं एसएपीमध्ये नोंदवली, त्यातली 700 पर्चेस ऑर्डर, मालपावती आणि बिल यांचं थ्री-वे मॅचिंग करून. आठवड्याला एक पेमेंट रन. 60 दिवसांहून जुनी अडकलेली बिलं आठ महिन्यांत 140 वरून 35 वर आणली. बहुतेक बिलं मालपावतीअभावी अडकत होती, म्हणून दर सोमवारी स्टोअरला प्रलंबित पावत्यांची यादी पाठवण्याची पद्धत लावली." एसएपी हे कंपन्यांत हिशेबासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअर. आकडे नमुन्याचे आहेत, तिथे स्वतःचे घाला. रेझ्युमे कोणत्याही भाषेत असो, घडण हीच ठेवावी: कामाचा आकार, कामाची पद्धत, काय बदललं आणि कशामुळे बदललं. यातला "कशामुळे" हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते सगळं वजन तिथेच आहे. 140 चे 35 कोणीही लिहील. बिल कुठे अडत होतं हे मात्र ते काम केलेल्यालाच माहीत असतं.

"आमच्याकडे असे आकडे नव्हतेच" ही तक्रार नेहमी ऐकू येते. आकडे असतात, फक्त ते मोजलेले नसतात. सॉफ्टवेअरमधून महिनावार, व्हाउचरच्या प्रकारानुसार नोंदींची संख्या निघते. दोन वेगवेगळ्या तारखांचे एजिंग रिपोर्ट (कोणती रक्कम किती दिवसांपासून थकली आहे त्याची यादी) शेजारी ठेवले की वसुलीत काय फरक पडला ते दिसतं. क्लोजिंगच्या (महिनाअखेरीला पुस्तकं बंद करण्याच्या) चेकलिस्टवर काम पूर्ण झाल्याच्या तारखा असतात. ऑडिटरने सुचवलेल्या दुरुस्ती नोंदींची यादी मागच्या वर्षीपेक्षा लांबली की आखूड झाली, हासुद्धा उत्तम पुरावा आहे. नोकरी आधीच सुटली असेल तर अंदाज बांधा, पण रीतसर. रोज साधारण 35 बिलं आणि महिन्याला 22 कामाचे दिवस म्हणजे 770, तर "सुमारे 750" लिहा. मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तर हीच आकडेमोड समोर मांडता येते.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. कंपनीचे रिपोर्ट, ग्राहकांची नावं, न छापलेली उलाढाल बाहेर न्यायची नाही आणि रेझ्युमेत लिहायचीही नाही. संख्या, टक्के आणि दिवस यांवर काम भागतं. जो माणूस जुन्या कंपनीची गुपितं रेझ्युमेत छापतो, त्याच्या हाती नवी कंपनी आपली पुस्तकं देणार नाही.

वसुलीच्या आकड्यात तर बरेच जण फसतात. येणं वसूल व्हायला लागणारे सरासरी दिवस काढायचं सूत्र सोपं आहे: येणी भागिले उधार विक्री, गुणिले त्या काळातले दिवस. येणी 40 आणि वर्षाची उधार विक्री 240 असेल, दोन्ही एकाच एककात, तर 365 ने गुणून सुमारे 61 दिवस येतात. पण वर्षाची बरीचशी विक्री शेवटच्या दोन महिन्यांत होत असेल, तर वर्षअखेरीला हा आकडा फुगलेला दिसतो आणि वर्षाच्या मध्यावर आपोआप खाली येतो. त्या घसरणीला स्वतःची कामगिरी म्हणून लिहिलं, तर अनुभवी कंट्रोलर (हिशेब विभागाचा वरिष्ठ) पहिल्याच प्रश्नात पकडतो. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा.

क्लोजिंगबद्दलही तसंच. "महिनाअखेरचं क्लोजिंग 10व्या कामाच्या दिवसावरून 6व्या दिवसावर आणलं" हे वाचायला छान, पण ते सगळ्या टीमचं काम असतं. तुमचा वाटा वेगळा काढा: न आलेल्या बिलांच्या तरतुदीची (खर्च झाला पण बिल यायचंय, अशा नोंदीची) माहिती तुम्ही महिन्याच्या 28 तारखेलाच गोळा करायला लागलात का, दर महिन्याच्या ठरलेल्या नोंदींचा टेम्प्लेट केलात का, समूहातल्या कंपन्यांमधला ताळमेळ महिना संपण्याआधी उरकायला लागलात का. एवढंच लिहा. लहान पण स्वतःचा दावा टिकतो.

नकारांच्या मागचं दुसरं मोठं कारण म्हणजे सगळीकडे तोच रेझ्युमे पाठवणं. जाहिरातीत "अकाउंटंट" एवढंच लिहिलेलं असलं तरी आत काम वेगळं असतं. देणी सांभाळणारा हवा असेल तिथे बिलांची संख्या, मॅचिंग, दुबार पेमेंट कसं रोखलं आणि व्हेंडर स्टेटमेंट यांना पहिल्या ओळी द्या. येणी सांभाळणारा हवा असेल तर एजिंग, क्रेडिट लिमिट, वादातली बिलं. जनरल लेजरच्या (मुख्य खातेवहीच्या) जागेसाठी तरतुदी, स्थिर मालमत्तेचं (फिक्स्ड अ‍ॅसेट) रजिस्टर, ताळेबंदातल्या खात्यांचे ताळमेळ, ऑडिटला द्यायची शेड्यूल्स. तीन वेगळे रेझ्युमे रचायची गरज नाही. सगळ्या नोंदींची एक मोठी मूळ फाइल ठेवा आणि प्रत्येक जागेसाठी तिच्यातून सहा-आठ ओळी निवडून योग्य क्रमाने लावा. पाच वर्षांपर्यंतच्या अनुभवाला एक पान पुरतं, त्यापुढे दोन. तिसऱ्या पानावरचं सहसा वाचलं जात नाही.

सॉफ्टवेअरच्या रकान्यात "टॅली, एसएपी, अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल" एवढं लिहून थांबू नका. एसएपी म्हणजे जुनी ईसीसी आवृत्ती की नवी एस/4 हाना, आणि त्यात काय केलं? एसएपीतले कामाचे कोड घ्या: मिरोवर बिलं नोंदवणं, एफ110 ने पेमेंट रन चालवणं आणि एफबीएल1एन मध्ये व्हेंडरच्या ओळी नुसत्या पाहणं, या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. फक्त पाहण्याचे अधिकार होते तर तसंच लिहा. मुलाखतीत "पेमेंट रनमध्ये एखादं बिल का सुटतं?" असं विचारलं जातं. पेमेंट ब्लॉक, देय तारीख, व्हेंडरच्या मास्टरमध्ये नसलेली पेमेंट पद्धत ही उत्तरं काम केलेल्यालाच सुचतात. एक्सेलबाबतही काम सांगा: "दोन बँक खात्यांच्या सुमारे 1,200 ओळींचा ताळमेळ पॉवर क्वेरी आणि एक्सलुकअप वापरून, दोन दिवसांचं काम अर्ध्या दिवसावर." "आयएफआरएसचं (आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांचं) ज्ञान" ही ओळही अशीच पोकळ आहे. भाडेकरारांची गणितं आयएफआरएस 16 नुसार मांडली असतील तर करार किती होते ते लिहा. मांडली नसतील तर ती ओळ काढून टाका.

आता फाइलचं. बऱ्याच कंपन्यांत अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि ते मजकूर वेचून रकान्यांत भरतं. दोन कॉलमचे टेम्प्लेट, टेक्स्ट बॉक्स, टेबल, कौशल्य दाखवणाऱ्या रंगीत पट्ट्या यांत ते गोंधळतं; हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर तर कधी कधी गायबच होतो. स्कॅन केलेला रेझ्युमे म्हणजे निव्वळ चित्र, त्यातून मजकूर निघेलच याची खात्री नाही. घरच्या घरी तपासायचं असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. नाव, संपर्क, पद, कंपनी, तारखा याच क्रमाने आणि अखंड दिसले तर ठीक. एका नोकरीची तारीख दुसऱ्या नोकरीच्या कंपनीशेजारी जाऊन बसली असेल, तर टेम्प्लेट बदला. एक कॉलम, नेहमीची शीर्षकं आणि साधा फॉन्ट पुरे. जाहिरातीतले शब्द जिथे खरे असतील तिथे तसेच वापरा, पण पांढऱ्या अक्षरांत लपवलेले शब्द वगैरे क्लृप्त्या करू नका. मजकूर वेचला की ते उघडे पडतात.

यानंतर रेझ्युमेचं ऑडिट करा, अगदी लेजर तपासता तसं. वर "6 वर्षांचा अनुभव" आणि खालच्या तारखांची बेरीज पाच वर्षं दोन महिने, ही चूक आमच्या क्षेत्रात महाग पडते, कारण वाचणारा बेरीज करतोच. रेझ्युमे, लिंक्डइन आणि अर्जाचा फॉर्म या तिन्हींवरच्या तारखा महिन्यापर्यंत जुळल्या पाहिजेत. टक्के लिहिताना आधार द्या: "चुका 50 टक्क्यांनी कमी" म्हणजे 200 वरून 100 की 2 वरून 1? आकड्यांतले स्वल्पविराम आणि तारखांची पद्धत सगळीकडे एकच ठेवा. सीएसारखी परीक्षा अर्धवट असेल तर किती पेपर झाले आणि किती उरले ते स्पष्ट लिहा. नुसतं "इंटर" लिहिलं तर उत्तीर्ण की नापास हे वाचणाऱ्याच्या तर्कावर राहतं.

मध्ये खंड पडला असेल तर एका ओळीत कारण आणि काळ द्या. तारखा ताणून तो झाकू नका. पूर्वीच्या नोकऱ्यांच्या पडताळणीत ते बाहेर येतं, आणि हिशेबाच्या माणसाबद्दल तिथे शंका आली की ऑफर हातची जाते. ठराविक मुदतीची नोकरी होती तर पदापुढे "कंत्राटी" लिहा, म्हणजे सात महिन्यांत सोडलेली नोकरी धरसोड वाटत नाही. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, फोटो हे जाहिरातीत मागितलं नसेल तर काढा. "मेहनती, प्रामाणिक, टीममध्ये काम करणारा" ही ओळही जाऊ द्या, तिथे क्लोजिंगची एक ओळ बसते.

दुरुस्त केलेला रेझ्युमे लगेच शंभर ठिकाणी पाठवू नका. आधी तुमच्याशी खरोखर जुळणाऱ्या, म्हणजे सॉफ्टवेअर आणि अनुभव दोन्ही बसणाऱ्या पंधरा-वीस जागा निवडा, फाइलच्या नावात आवृत्ती लिहा आणि शीटमध्ये नोंदवत जा. जाहिरात निघाल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत अर्ज जावा, कारण पुरेसे अर्ज आले की अनेक ठिकाणी पुढचे उघडतच नाहीत. तरीही सगळीकडे शांतता राहिली, तर आकडे पुन्हा सजवण्याआधी निवडलेल्या जागा तपासा: आठ वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जागेला तीन वर्षांचा रेझ्युमे कितीही नीट लिहिला तरी पुरत नाही. आणि फोन यायला लागले पण टेस्टला अडू लागलं, की रेझ्युमे बाजूला ठेवून रोज एक तास तरतुदी, घसारा आणि बँक रिकन्सिलिएशनची गणितं घड्याळ लावून सोडवा.