लॉगमधली पाच प्रश्नचिन्हं

शनिवार, रात्री

मांडणीचं सॉफ्टवेअर नव्या कम्प्युटरवर अजून बसलेलं नाही. हिरवी पट्टी जवळजवळ शेवटापर्यंत जाते, थबकते, मग उलटी सरकत आल्या वाटेने परत जाते आणि खाली ओळ येते: इन्स्टॉलेशन पूर्ण झालं नाही, कोड १६०३. हेच सॉफ्टवेअर, हीच फाइल जुन्या कम्प्युटरवर निमूट बसली होती. जुना आता कधीही बंद पडेल अशा अवस्थेत आहे आणि हातातल्या पुस्तकाची पानं त्याच्यावर अडकली आहेत, म्हणून जीव थोडा वरखाली होतोय.

१६०३ हा विंडोज इन्स्टॉलरचा फार मोघम कोड आहे. काहीतरी गंभीर बिघडलं, एवढंच तो सांगतो. १६१८ आला असता तर निदान दुसरं एखादं इन्स्टॉलेशन आधीपासून चालू आहे हे कळलं असतं. १६०३ च्या मागे डिस्कवर जागा नसण्यापासून परवानगी नसण्यापर्यंत काहीही असू शकतं, त्यामुळे त्यावर मिळणारे सल्लेही ढिगाने. त्यातले सोपे होते ते आधी उरकले. जागा भरपूर आहे. फाइल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवली. अँटिव्हायरस थोडा वेळ थांबवून पाहिला आणि पुन्हा सुरू केला. बऱ्याच प्रोग्रॅमना चालायला लागणारी व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम आहे. उतरवलेली फाइल अर्धवट असेल अशी शंका होती, म्हणून तिचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढून बनवणाऱ्यांनी दिलेल्या हॅशशी ताडून पाहिला. चौसष्टच्या चौसष्ट चिन्हं जुळली. म्हणजे फाइल धड आहे.

इथून पुढे अंदाजाने काही करायचं नाही असं ठरवलंय. विंडोज इन्स्टॉलरला सविस्तर लॉग, म्हणजे पायरी-पायरीची नोंद, लिहायला लावता येतो. कमांडमध्ये एक स्विच द्यायचा आणि लॉगची फाइल कुठे ठेवायची ते सांगायचं. उद्या सकाळी डोकं ताजं असताना तो वाचणार.

रविवार, दुपारी

सापडलं.

लॉग हजारो ओळींचा असतो आणि पहिल्यांदा उघडला की छाती दडपते. पण तो वरून खाली वाचायचा नसतोच. 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधायचे आणि तिथून वर सरकायचं. इन्स्टॉलरची जी पायरी फसते तिच्या शेवटी हे शब्द येतात, आणि खरं कारण बहुतेकदा त्यांच्या लगेच वरच्या ओळींत असतं. इतकी उपयोगी गोष्ट इतकी कमी सांगितली जाते याचं मला वाईट वाटतं. 'विंडोज पुन्हा टाका' हा सल्ला मात्र जिथे तिथे मिळतो.

तर त्या वरच्या ओळीत लिहिलं होतं की तात्पुरती फाइल तयार करता आली नाही, आणि पुढे तिचा पत्ता होता. सी ड्राइव्ह, युजर्स, मग पाच प्रश्नचिन्हं, मग ॲपडेटा, लोकल, टेम्प.

त्या पाच प्रश्नचिन्हांच्या जागी माझं नाव असायला हवं होतं.

नवा कम्प्युटर सुरू करताना लोकल खात्याचं नाव मी देवनागरीत दिलं होतं: माधवी. विंडोजने ते आनंदाने घेतलं आणि त्याच नावाचा फोल्डर बनवला. त्याच लॉगच्या तळाशी विंडोज इन्स्टॉलरने स्वतः लिहिलेली यादी आहे, तिच्यात टेम्प फोल्डरच्या पत्त्यात 'माधवी' स्वच्छ उमटलंय. एकाच फाइलमध्ये वर प्रश्नचिन्हं, खाली नाव. वरची ओळ सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी इन्स्टॉलरला जोडलेल्या त्यांच्या स्वतःच्या तुकड्याची आहे. डोळ्यांना माझ्या नावात तीन अक्षरं दिसतात, पण कम्प्युटरच्या हिशेबात म, काना, ध, व आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं होतात, म्हणून प्रश्नचिन्हंही पाच. आणि विंडोजमध्ये फाइल किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. असा पत्ता अस्तित्वातच असू शकत नाही, मग तिथे फाइल तयार होणार कशी?

हे का होतं ते नीट लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला तरी लागेल. विंडोजमध्ये फाइल उघडण्यासारख्या कामांची फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅमना वापरायला दिलेल्या तयार आज्ञा, जोडीने असतात. एकाच्या नावाच्या शेवटी 'डब्ल्यू' असतो, ते युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची एकच मोठी यादी, समजतं. दुसऱ्याच्या शेवटी 'ए' असतो, ते जुन्या कोडपेजवर, म्हणजे अक्षरांच्या एका छोट्या यादीवर, चालतं. एका कोडपेजमध्ये ठरावीक लिप्यांचीच अक्षरं मावतात, आणि जे मावत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. रशियन लिपीला १२५१, ग्रीकला १२५३, थाईला ८७४ अशी कोडपेजं आहेत. त्यामुळे रशियन नावाच्या माणसाने कम्प्युटरची सिस्टिम भाषा रशियन ठेवली तर हाच जुना तुकडा त्याच्याकडे बिनतक्रार चालेल. देवनागरीला विंडोजमध्ये असं कोडपेज कधी मिळालंच नाही. मराठी आणि हिंदी विंडोजवर आल्या त्या थेट युनिकोडमधून. म्हणून सिस्टिम भाषा मराठी केली तरी या 'ए'वाल्या फंक्शनांना आपलं एक अक्षरही कळत नाही. इतरांना जी पळवाट आहे ती आपल्याला नाही.

आणि देवनागरी युनिकोडमध्ये काल-परवा आलेली नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून ती तिथे आहे. आजच्या विंडोजचा पूर्वज असलेलं विंडोज एनटी १९९३ पासून आतून युनिकोडवरच चालतं. इतक्या वर्षांनंतर एखाद्या विकतच्या सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर माणसाच्या नावावर अडतो, तेही असं सॉफ्टवेअर जे देवनागरी पानं सुंदर मांडतं, हे मला मनापासून लागलं. या अडचणीवर मिळालेल्या उत्तरांमध्ये 'युजरनेम इंग्रजीतच ठेवा' हे वाक्य पुन्हा पुन्हा आलं. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, अडलेल्याला लगेच वाट मिळते, हे मला मान्य आहे. पण माझ्या कम्प्युटरवर माझं नाव माझ्या लिपीत असणं ही चूक नाही, आणि ती चूक समजून मी नाव बदलणार नाही.

मी केलेलं निदान बरोबर आहे की नाही ते आधी पडताळलं. रोमन अक्षरांत नाव असलेलं दुसरं खातं काढलं आणि तिथून इन्स्टॉलर चालवला. पट्टी शेवटपर्यंत गेली. मग तिथून सॉफ्टवेअर काढून माझ्या खात्यात परत आले.

उपाय तीन दिसत होते. खात्याचं नाव बदलणं बिनकामाचं, कारण फोल्डरचं नाव खातं तयार होतानाच ठरतं, पुढे खात्याचं नाव बदललं तरी फोल्डर तसाच राहतो. विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीत हात घालून तो बदलता येतो म्हणतात, पण नव्या कम्प्युटरवर तो धोका मला नको. दुसरा उपाय म्हणजे रीजनच्या सेटिंगमधला सगळ्या जुन्या प्रोग्रॅमना कोडपेजऐवजी यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड लिहायची एक पद्धत, देणारा पर्याय. तो अजून बीटा, म्हणजे चाचणीतला, म्हणूनच दिलेला आहे आणि पूर्ण कम्प्युटरला लागू होतो. त्याने जुन्या कोडपेजवर विसंबलेलं दुसरंच काही बिघडू शकतं. मी तिसरा घेतला: सी ड्राइव्हवर साध्या रोमन नावाचा एक फोल्डर केला आणि माझ्या खात्याच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये तात्पुरत्या फाइलींची जागा सांगणाऱ्या टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना त्याचा पत्ता दिला. साइन आउट करून परत आत आले, कारण आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमना नवा पत्ता कळत नाही. इन्स्टॉलर चालवला. बसला.

रविवार, रात्री

मूळ प्रोग्रॅमलाही देवनागरी फोल्डरचं वावडं असेल अशी धास्ती होती. पुस्तकाची फाइल आणली, मराठी नावाने माझ्याच फोल्डरमध्ये सेव्ह केली, बंद करून पुन्हा उघडली. सगळं जागच्या जागी. जोडाक्षरं, रफार, शेवटच्या प्रकरणातल्या तळटीपा, सगळं. म्हणजे त्यांच्या मुख्य प्रोग्रॅमरांनी काम चोख केलंय, फक्त इन्स्टॉलरमधला एक जुना तुकडा मागे राहिलाय. तो दुरुस्त करणं त्यांना जड जाऊ नये.

त्यांना सविस्तर पत्र पाठवलं. लॉगमधल्या दोन्ही ओळी, वरची आणि खालची, शेजारी ठेवल्या. कोणती पायरी, कोणता पत्ता, हे स्पष्ट लिहिलं. तपासायचं कसं तेही सांगितलं: देवनागरी नावाचं एक खातं काढा आणि त्यातून चालवून बघा. सिस्टिम भाषा बदलून ही अडचण जात नाही हे मुद्दाम लिहिलं, नाहीतर उत्तरात तोच सल्ला यायचा.

पुढचं अपडेट आलं की टेम्पचा पत्ता परत मूळ जागी नेऊन इन्स्टॉलर चालवून बघणार आहे. तोवर पुस्तकाच्या अनुक्रमणिकेचं काम नव्या कम्प्युटरवर सुरू करते.