मोजणी चुकली

"कोन्निचिवा!" वरून उतरणाऱ्या आजी किंचित वाकून म्हणाल्या आणि माझी मोजणी चुकली. अकराशे चाळीस की पन्नास?

चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. जपानच्या यामागाता प्रांतातल्या हगुरो डोंगराला २४४६ दगडी पायऱ्या. मी तासभर मान खाली घालून एकेक मोजत होते.

आजी पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत. इथले यामाबुशी, म्हणजे डोंगरात तप करणारे, असेच पांढऱ्यात चढतात. तो रंग प्रेताच्या कपड्यांचा. डोंगरात मरायचं, खाली येताना नव्याने जन्मायचं. आजी मात्र मजेत होत्या.

त्यांनी काठीने माझ्या पायाखाली दाखवलं. मी पाय उचलला. दगडात साकेचा, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचा, इवलासा पेला कोरलेला! अशी ३३ चित्रं आहेत म्हणे या वाटेवर. मला तोवर एकही दिसलं नव्हतं, आणि बघत तर पायऱ्यांकडेच होते.

आपल्या जेजुरीला लोक 'नवलाख पायरी' म्हणून मोकळे होतात. मोजतंय कोण!

उतरताना मोजलं नाही. चार चित्रं सापडली. एक बहुधा भोपळा होता, की नुसताच टवका उडालेला दगड?