मोजे घालून इंजिनरूममध्ये

लेकीकडे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या आँतिबला तीन आठवडे राहिलो, दीड दिवसाचा गणपती तिच्या हॉलमध्ये बसवून बादलीत विसर्जित केला, नीस पाहिले, मोनाको पाहिले आणि परत आलो. यांपैकी कशाबद्दलही लिहावे असे मला वाटलेले नाही. लिहायचे आहे ते कान शहरातल्या एका दुपारबद्दल, आणि खरे सांगायचे तर त्या दुपारच्या शेवटच्या वीसेक मिनिटांबद्दल.

चित्रपट महोत्सवामुळे ठाऊक झालेल्या या शहरात दर सप्टेंबरमध्ये नौकांचे मोठे प्रदर्शन भरते. शिडाच्या नौका पोर्ट कांतो या बंदरात असतात आणि इंजिनाच्या, म्हणजे मोटर यॉट, महोत्सवाच्या इमारतीशेजारच्या जुन्या बंदरात एकमेकींना खेटून उभ्या असतात. आँतिबहून आगगाडीने समुद्राच्या कडेकडेने जाता येते. तिकीट काढले की धक्क्यावर मोकळेपणाने हिंडता येते, पण मोठ्या यॉटवर पाय ठेवायचा तर आधी वेळ ठरवावी लागते, आणि वेळ द्यायची की नाही हे बहुधा तुमच्या कपड्यांकडे पाहून ठरते. जावयाने इस्त्रीचा शर्ट घालायला लावला होता, तरीही दोन ठिकाणी आम्हांला हसतमुखाने वाटेला लावण्यात आले. तिसऱ्या ठिकाणी मी एक लबाडी केली. माझगावच्या वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षे लाँचची इंजिने दुरुस्त करून मी निवृत्त झालो, त्याला आता सहा वर्षे होतात. तिथले जुने व्हिजिटिंग कार्ड पाकिटात होते, ते काढून मी टेबलावर ठेवले. त्यावर ‘मरीन इंजिन्स’ असे छापलेले आहे. टेबलामागच्या मुलीने ते दोन्ही बाजूंनी पाहिले आणि आम्हां तिघांना अर्ध्या तासानंतरची वेळ दिली.

यॉटवर चढायच्या फळीच्या तोंडाशी वेताची मोठी टोपली होती आणि तिच्यात लोकांचे बूट पडलेले होते. या धंद्यात हा रिवाजच आहे, कारण डेकच्या लाकडावर टाचेचे वण पडलेले कोणालाच परवडत नाहीत. देवळाबाहेर चपला काढणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही. मात्र देवळात जाताना मोज्याचे भोक कोणी पाहत नाही. माझ्या डाव्या अंगठ्याला भोक होते. सौभाग्यवतींनी ते माझ्या आधी पाहिले आणि नजर फिरवली.

आम्हांला यॉट दाखवणारा तरुण विक्रेता अतिशय अदबशीर होता आणि मधेमधे थांबून आम्हांला बोलूही देत होता, याचे श्रेय त्याला द्यायला हवे. यॉट इटालियन बनावटीची, एकूण लांबी सव्वीस मीटर. कागदावर मात्र सांगाड्याची लांबी चोवीस मीटरच्या किंचित आत ठेवलेली. मागची पोहण्याची फळी आणि नाळेवरचे, म्हणजे नौकेच्या पुढच्या निमुळत्या भागावरचे, टोक हे भाग बोल्टांनी जोडलेले असल्यामुळे ते मोजमापात धरत नाहीत. युरोपात चोवीस मीटरपर्यंतची नौका हौशी नौकांच्या सोप्या नियमात बसते, आणि त्यापुढे मोठ्या जहाजांसारखी तपासणी व प्रमाणपत्रे सुरू होतात. म्हणून त्या आकड्याच्या अलीकडे दाटीवाटीने नौका बांधल्या जातात. आपल्याकडे बाल्कनी कशी क्षेत्रफळात धरायची, यावर बिल्डर जितके डोके चालवतात, तितकेच हे.

आतली कारागिरी पाहून मी मनातून चकित झालो होतो, पण ते चेहऱ्यावर दिसू दिले नाही. न्हाणीघरात संगमरवरी ओटा होता. सवयीने मी त्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, तर आवाज पोकळ आला. दगडाचा पापुद्रा कापून तो मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या अॅल्युमिनियमच्या जाळीवर चिकटवलेला असतो, कारण अस्सल दगड भरला तर वेग जाईल आणि नौका वरून जड होईल. सर्वांत वरचे छप्परही याच कारणाने कार्बन फायबरचे. स्वयंपाकघरात सौभाग्यवतींनी एक खण ओढून पाहिला, तो हलला नाही. तेव्हा विक्रेत्याने वरचे बटण दाबून दाखवले. लाटेवर खण आपोआप उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला तशी कळ असते आणि शेगडीभोवती भांडी अडवणारा स्टीलचा कठडा असतो. “हे मात्र डोक्याने केलंय,” असे त्या म्हणाल्या. त्या दिवसातली त्यांची एवढीच शाबासकी.

मागची भिंत हायड्रॉलिकच्या दांड्यांवर सावकाश आडवी होते आणि पाण्यालगत अंगण तयार होते. वरच्या मजल्यावर उघड्या हवेत दुसरे सुकाणू आहे. धक्क्याला लागताना जॉयस्टिक बोटाने ढकलली की दोन्ही इंजिने आणि नाळेकडचा छोटा पंखा आपापसांत ठरवून नौका आडवी सरकवतात. हे ऐकताना मला आमचे सारंग, म्हणजे लाँचचे सुकाणू धरणारे, आठवले. वरून दोरी ओढून ते घंटा वाजवत आणि खाली ड्रायव्हर त्या ठोक्यांवर इंजिन पुढे-मागे करी. घंटा ऐकण्यात चूक झाली की धक्क्याचे लाकूड फुटे आणि दुसऱ्या दिवशी लाँच आमच्याकडे येई.

डेकवर सागवान होते. म्यानमारच्या सरकारी लाकूड कंपनीवर युरोपने 2021 मध्ये निर्बंध घातले, तेव्हापासून कारखाने सागासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम फळ्यांकडे वळू लागले आहेत, असे तो तरुण थोड्या खेदाने म्हणाला. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 मध्ये पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, हे मी त्याला सांगितले. त्याने नम्रपणे मान हलवली आणि आम्हांला मालकाच्या खोलीत नेले.

ही खोली नौकेच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर, या बाजूच्या भिंतीपासून त्या बाजूच्या भिंतीपर्यंत पसरलेली आहे. नाळ लाटेवर सर्वांत जास्त उचलली जाते आणि मागे इंजिन असते, म्हणून निजायला मधली जागाच उत्तम. पलंगावर पडल्यापडल्या पाणी दिसावे म्हणून नौकेच्या अंगात मोठ्या काचा चिकटवलेल्या. मग त्याने उशाकडच्या भिंतीवर तळवा ठेवला आणि सांगितले की या भिंतीपलीकडे डिझेलची टाकी आहे आणि टाकीपलीकडे इंजिने. हजारो लिटर तेल इंजिनाचा आवाज पिऊन टाकते. मला ही युक्ती इतकी आवडली की त्याने बोलावण्याची वाट न पाहता मी विचारले, “मग आता इंजिन दाखवा.”

तो थांबला. गिऱ्हाईक सहसा तिकडे जात नाही, असे तो म्हणाला. जावई माझ्याकडे पाहू लागला. मी टेबलावर दिलेल्या कार्डाची आठवण करून दिली, तेव्हा विक्रेत्याने फोन केला आणि मागून कारखान्याचा एक पिकलेल्या केसांचा मेकॅनिक आला.

वाट नौकेच्या पाठीमागून, एका अरुंद दारातून खाली जाते. सुरुवातीला खलाशांची खोली लागते. एकावर एक दोन बाकडी, मधल्या जागेत एका वेळी एकच माणूस पँट चढवू शकेल इतकी फट, बादलीएवढे बेसिन. तिच्यापुढे एक पाणबंद दार आणि दारापलीकडे लगेच इंजिन. म्हणजे मालक आणि इंजिन यांच्यामध्ये तेलाची टाकी, आणि खलाशी व इंजिन यांच्यामध्ये एक दार. आमच्या रेवसच्या लाँचवर ड्रायव्हर इंजिनाच्या पेटीवरच झोपत असे, म्हणून मला बोलायचा अधिकार नाही. तरीही त्या दारावर मी हात ठेवला तेव्हा मालकाच्या उशाकडची भिंत आठवली.

आत पांढराशुभ्र प्रकाश होता. प्रत्येकी 1,900 अश्वशक्तीची दोन व्ही-12, म्हणजे बारा सिलिंडरांची, जर्मन डिझेल इंजिने, पूर्ण वेगात तासाला दोन्ही मिळून सातशे लिटरच्या वर तेल पिणारी. मधे रोलिंग थांबवणारा जायरो, दीड-पावणेदोन टनांचे धूड. त्याच्या पोटातले चाक निर्वात पोकळीत मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे घेते, आणि नौका डावी-उजवीकडे कलू लागली की ते पुढेमागे झुकून तिला ओढून सरळ करते. मांडव्याला जाताना दर पावसाळ्यानंतर ओकणाऱ्या माझ्या कुटुंबाने हे यंत्र पाहायला हवे होते, पण त्या वर सोफ्यावर लिंबूपाणी पीत होत्या.

मेकॅनिकला इंग्रजी येत नव्हते आणि मला इटालियन येत नाही. मी गुडघ्यावर बसून डाव्या इंजिनाच्या तळाशी, ऑइल ड्रेनच्या बोल्टाखाली बोट फिरवले. बत्तीस वर्षे कोणतेही इंजिन हाती आले की मी हेच आधी करत आलो आहे. बोट कोरडे आले. मी उजव्या इंजिनाखाली हात घातला, तिथेही कोरडे. मेकॅनिक हसू लागला. त्याने खिशातून चिंधी काढून माझ्यापुढे धरली, मग माझे स्वच्छ बोट पाहून ती परत खिशात ठेवली आणि स्वतः खाली वाकून मागच्या एका पाइपाच्या जोडाकडे बोट दाखवले. तिथे पाण्याचा एक थेंब लोंबत होता. त्याने खांदे उडवले, मीही उडवले. त्या एका थेंबामुळे मला ती नौका प्रथमच खरी वाटली. मग जोड किती आवळायचा, याविषयी आम्ही दोघांनी हातवारे करून बराच वाद घातला, आणि माझ्या मते त्याचे चुकत होते.

वर आल्यावर जावयाने किंमत विचारली. ऐंशी लाख युरोंच्या आसपास, कर वेगळा. सांभाळायला दरवर्षी किमतीचा दहावा हिस्सा धरावा, असा या धंद्यातला ठोकताळा. आम्ही विचार करून कळवतो म्हणालो, टोपलीत बुडाशी गेलेल्या चपला शोधल्या आणि आगगाडी पकडली.

रात्री मोजे धुवायला घेतले तेव्हा सौभाग्यवतींनी ते उलटेसुलटे करून दिव्यासमोर धरले. भोक तेवढे होते, डाग एकही नव्हता.

“अहो, तुम्ही नक्की इंजिनातच गेला होतात ना?”