गोकू हरणार हे ठाऊक असताना

ॲनिमेवरून, म्हणजे जपानी कार्टून मालिकांवरून, निघालेल्या गेममध्ये एक गंमत हमखास भेटते. ‘ड्रॅगन बॉल झी’चंच घ्या, नायक गोकू, खलनायक राडिट्झ. राडिट्झला आपण धू धू धुतो, त्याच्या जिवाची पट्टी शून्यावर आणतो, अंगठ्याला रग लागते, आणि लगेच पुढच्या दृश्यात आपलाच गोकू जमिनीवर आडवा, छातीवर राडिट्झचा पाय. मग जिंकलं कोण? कथेत गोकूला इथं मार खायचाय, म्हणून तो खातो. तुमच्या अंगठ्याला कोण विचारतो!

२०२० साली आलेल्या ‘ड्रॅगन बॉल झी: काकारॉट’मध्ये हे वारंवार होतं. नवख्याला ही शुद्ध फसवणूक वाटते. मुरलेला चाहता मात्र निमूट पुढं जातो. ज्यानं बेळगावची शिवजयंती पाहिली असेल त्याला याचं कारण सांगावं लागणार नाही. मिरवणुकीच्या रात्री गल्लोगल्लीच्या मंडळांचे चित्ररथ निघतात, ट्रॉलीवर सजीव देखावे. महाराज आग्र्याहून पेटाऱ्यातून निसटणार हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी पहाटेपर्यंत माणसं रस्त्याच्या कडेला तिष्ठत उभी. कुठल्या गल्लीनं यंदा प्रसंग कसा उभा केलाय, पहारेकऱ्याच्या मिशा किती मोठ्या, पेटारा उचलणाऱ्यांच्या पायात चपला राहिल्यात का, हे सगळं बघायचं असतं. आणि त्यावर दुसऱ्या दिवशी भांडायचं असतं.

‘ड्रॅगन बॉल फायटर झी’ (२०१८) करणाऱ्या आर्क सिस्टिम वर्क्सच्या मंडळींना ही नस बरोबर सापडली होती. त्यातली पात्रं थ्रीडी आहेत, पण हलतात हातानं काढलेल्या चित्रांसारखी: एक पवित्रा, क्षणभर तसाच, की एकदम दुसरा. मधल्या जागा कॉम्प्युटरला गुळगुळीत भरता आल्या असत्या, त्या त्यांनी मुद्दाम भरू दिल्या नाहीत. शिवाय आत एक दडवलेली मेजवानी आहे. समोरासमोर गोकूचा पोरगा गोहान आणि खलनायक सेल, मैदान मालिकेतलं नेमकं तेच, आणि शेवटचा तडाखा जोरदार फटक्याच्या बटणाचा, एवढं जुळून आलं की मॅच संपताना मालिकेतला प्रसंग जसाच्या तसा उभा राहतो. गोहानचा एका हाताचा कामेहामेहा, म्हणजे हातातून सुटणारा ऊर्जेचा झोत, आणि मागं बापाची आकृती! गोकूचा दोस्त बिचारा यामचा खड्ड्यात मुटकुळं करून पडतो, तेही दाखवलंय. हे जुळवायच्या नादात मी कितीतरी जिंकलेल्या मॅच घालवल्या आहेत.

याच्या उलट २०१९चा ‘जम्प फोर्स’. गोकू, नारुतो, लुफी असे वेगवेगळ्या मालिकांचे नायक सगळे एकत्र, आणि चेहरे खऱ्या माणसांसारखे करायला गेले तर निघाले मेणाचे पुतळे. २०२२ मध्ये तो विक्रीतूनच काढला. मला हळहळ वाटली नाही.

माझं हे वेड बेळगावच्या शहापुरातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत सुरू झालं. तिथं प्लेस्टेशन टू तासाच्या भाड्यानं मिळायचा. दोन कंट्रोलर, त्यातल्या एकाच्या काडीवरचं रबर सोललेलं. तो ज्याच्या वाट्याला येईल त्यानं हरल्यावर त्याकडंच बोट दाखवायचं. टीव्हीवर कार्टून नेटवर्कचा गोकू हिंदीत बोलायचा, इथला जपानीत. डिस्कवर मार्करनं नुसतं ‘डीबीझी’ लिहिलेलं. खरं नाव ‘स्पार्किंग मीटिओर’, बाकीच्या जगात ‘बुडोकाई तेनकाइची ३’, साल २००७. मेन्यू संपूर्ण जपानी, तरी एकही पोरगं अडायचं नाही. दोनदा खाली, एकदा उजवीकडं, गोल. जपानी डिस्कमध्ये गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नको. बाहेरच्या डिस्कमध्ये ते बरोबर उलटं असतं, हे पुढं कळलं तेव्हा आम्हाला तीच चूक वाटली. बसवरचा बोर्ड अक्षरांच्या नुसत्या वळणावरून ओळखायची सवय सीमाभागातल्या पोराला असतेच, त्यापुढं जपानी मेन्यू तो काय!

खेळ जिथं साठवायचा ते मेमरी कार्ड मालकाचं, त्याला हात लावायचा नाही. त्यामुळं कथेच्या वाटेला कोणी जायचंच नाही, नुसत्या जोड्या लावायच्या. दीडशेहून जास्त पात्रं होती. खोलीत मराठी, कन्नड आणि टीव्हीवरून उचललेली हिंदी असा एकच गलका. “परत ब्रॉली? दुसरा कोण तरी घे की!” राक्षसी ताकदीच्या ब्रॉलीसमोर नुसत्या बढाया मारणाऱ्या मिस्टर सेटनला उभा करून जो जिंकेल त्याचे पुढच्या तासाचे पैसे बाकीच्यांनी द्यायचे, असा नियम होता. पैसे द्यायची वेळ सहसा आली नाही. एकदा येणार होती, तर करंट गेला.

त्याच मालिकेचा पुढचा गेम, ‘स्पार्किंग झीरो’, ऑक्टोबर २०२४ मध्ये आला, तब्बल १७ वर्षांनी. ‘ड्रॅगन बॉल’चे जनक आकिरा तोरियामा त्याच वर्षी १ मार्चला गेले. सुरुवातीलाच १८२ पात्रं, आणि या वेळी अंगठ्याची दखल घेतलेली. ठरावीक ठिकाणी वेगळा निर्णय घेतला किंवा लढाई लवकर मारली, तर कथाच दुसरीकडं वळते. जुना वैरी पिकोलोची मदत नाकारायची, दोस्त क्रिलिन आणि गुरू मास्टर रोशीला घेऊन राडिट्झला भिडायचं. पहिल्या दिवशी मी हरखून गेलो. मग हळूहळू मजा उतरत गेली. चित्ररथावरच्या पहारेकऱ्यानं पेटारा उघडून बघितला तर टाळ्या पडतील, पण एकदाच.

गंमत अशी की इतक्या मारामाऱ्यांतून मनात राहिलं ते भलतंच. ‘काकारॉट’मध्ये गोकू खोटी शेपटी लावून नदीत मासे धरतो. बायकोला, चीचीला, नेऊन दिले की ती रांधते, ताटं मांडली जातात. मालिकेत दोन लढायांमध्ये काय चालत असेल, ते इथं निवांत करता येतं. शिन-चॅनचा उन्हाळी सुट्टीवरचा गेम तर अख्खा यावरच उभा आहे. जपानात तो २०२१ मध्ये आला, वर्षभरानं बाहेर. शिन-चॅन आईच्या मुलखात, कुमामोतोतल्या एका खेड्यात, सुट्टीला जातो. जाळीनं किडे पकडायचे, मासे धरायचे, फोटो काढून गावच्या वर्तमानपत्राला द्यायचे. डायनासोरही आहेत, पण माझं मन किड्यांतच रमलं. मे महिना खानापूर तालुक्यातल्या आजोळी फणस आणि जांभळं खात काढलेल्या कुणालाही तो शिकवावा लागत नाही. ॲनिमेवरच्या सगळ्या गेममध्ये मी याला पहिला नंबर देईन, आणि शहापुरातल्या त्या खोलीत हे बोललो असतो तर बाहेर काढला गेलो असतो.

टिळकवाडीत राहणाऱ्या माझ्या भाच्यालाही हे पटत नाही. त्यानं मालिका पाहिलेलीच नाही. त्याचा गोकू फोनवरच्या ‘ड्रॅगन बॉल लेजेंड्स’मधून आला, जिथं पात्रं सोडतीतून निघतात. गोकू मिळायलाही नशीब लागावं, म्हणजे कमालच. परवा तो घरी आला तेव्हा मी नदीकाठी शेपटी टाकून बसलो होतो, आणि तिकडं खलनायक फ्रीझा नामेक ग्रहावर वाट बघत होता.

“मामा, हे काय करूलैस? फ्रीझाला मार की!”

“थांब की. मोठा लागलाय.”