मोझांबिक कोणत्या तालुक्यात येतं?

२०१६ साली मोझांबिकमधून तूर आणायचा करार झाल्याची बातमी आबांना वाचून दाखवली, तर त्यांचा पहिला प्रश्न : "हे कोणत्या तालुक्यात येतं?"

"आफ्रिकेत, आबा."

"मग भाडं कोण देतंय?"

जन्मभर भाव निघायच्या आधी भाडं, हमाली अन् तोलाई मोजलेला माणूस, दुसरं काय विचारणार!

आदल्या वर्षी तूरडाळ दोनशे रुपये किलोला भिडलेली. त्यामुळं २०१६ ला जो येईल तो आम्हाला तूर पेरा म्हणत होता. संयुक्त राष्ट्रांनी तर ते अख्खं वर्षच कडधान्यांच्या नावानं केलं. चढलो आम्ही हरभऱ्याच्या झाडावर. पाऊसही झाला. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं म्हणतात, इथं घरचंच घरात मावेना आणि व्याह्याचं घोडं जहाजातून निघालेलं.

हमीभाव बोनससकट क्विंटलला ५,०५०. व्यापारी चार हजारांवर बोलेना. म्हणून खरेदी केंद्रावर ट्रॅक्टर लावला. आधी बारदाना नव्हता. बारदाना आला तर काटा बंद. आबा चार रात्री ट्रॉलीखाली झोपले. नंबर लागला तेव्हा सातबारा, पीकपेऱ्याचा दाखला, आधार, पासबुक, मग ओलावा, मग चाळणी. आबांनी हात जोडून ग्रेडरला विचारलं, "साहेब, त्या मोझांबिकवाल्याचा पीकपेरा कोणता तलाठी देतो?"

(बोलू नका म्हणून मी निघतानाच सांगितलं होतं.)

ग्रेडर हसला नाही. त्यानंतर मात्र आमच्या तुरीत त्याला डागी दाणे फार दिसायला लागले. अर्धी तूर परत आली, ती व्यापाऱ्याला ३,८०० नं घातली. सरकारनं हातावर तुरी दिल्या, त्याही आमच्याच.

ऑगस्ट २०१७ मध्ये आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली. तोवर आमच्याकडं बियाण्यापुरतीसुद्धा तूर उरली नव्हती. २०२१ च्या मे महिन्यात ते दारही पुन्हा सताड उघडलं.

मग डिसेंबर २०२३. पिवळ्या वाटाण्यावरचं आयात शुल्क काढलं. हा वाटाणा दळला की बेसनात सहज खपतो, म्हणजे मार हरभऱ्याला. आमचा हरभरा तेव्हा नुकताच घाट्यात येत होता. दोन्ही अर्थांनी.

आबांना बातमी वाचून दाखवली. या वेळी त्यांनी तालुका विचारला नाही. चुना मळत म्हणाले, "वाटाण्याच्या अक्षता इथंच मिळायच्या की रे. आता त्याही बोटीनं मागवतात?"