कप्पाबाशीतली सुरी

दादर, रविवार रात्र

टोकियोत आम्ही दोघी बहिणी सगळ्यात जास्त रमलो त्या कप्पाबाशीत. उएनो आणि असाकुसाच्या मधला हा रस्ता. जेमतेम पाऊण-एक किलोमीटरचा, पण दोन्ही बाजूंना फक्त स्वयंपाकघराचं सामान. वाडगे, कढया, चाळण्या, दारावर टांगायचे कापडी पडदे, हॉटेलाच्या काचेत मांडायचे प्लॅस्टिकचे हुबेहूब पदार्थ. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या माथ्यावर उंच टोपी घातलेल्या आचाऱ्याचं भलंमोठं डोकं आहे. ते दिसलं की बाजार आला. हा बाजार मुळात हॉटेलवाल्यांचा, म्हणून रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

सुऱ्यांच्या दुकानात आम्ही किती वेळ होतो देव जाणे. दुकानदार आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जपानी. मध्ये मोबाइल धरून बोलणं चाललं. त्यांनी बजेट विचारलंच नाही. पहिला प्रश्न, कुठल्या हाताने चिरता? तिथल्या काही पारंपरिक सुऱ्यांना एकाच बाजूने धार असते, म्हणून डावखुऱ्यांची सुरी वेगळी लागते. दुसरा प्रश्न, काय चिरता? मी कोबी, गवार, मेथी असे फोटो दाखवले. त्यांनी नाकिरी काढली, चौकोनी पात्याची, भाजीसाठीच. धार सरळ असल्यामुळे पातं अख्खं पाटावर टेकतं आणि चिरलेली भाजी एकमेकांना चिकटून राहत नाही. मग मी नारळाचा फोटो दाखवला, तर त्यांनी मान हलवून सुरी चक्क मागे ओढून घेतली. पातळ आणि कडक पोलाद, कठीण वस्तूवर मारलं की धारेचा टवका उडतो. म्हणजे नारळाला विळीच!

पोलादातही दोन जाती. कार्बन पोलादाला धार अप्रतिम, पण ओलं राहिलं की गंजतं. मुंबईचा जुलै डोळ्यांपुढे आला आणि मी स्टेनलेस घेतली. बहिणीने हट्टाने कार्बनची घेतली. ती पुसून ठेवेल, तिचा हात तसा आहे.

भाव करण्याचा प्रश्नच नव्हता. छापील किंमत, पैसे हातात न देता छोट्या ट्रेमध्ये ठेवायचे. बिल ५,००० येनच्या वर गेलं होतं, त्यामुळे पासपोर्ट दाखवल्यावर १० टक्के कर लागला नाही. मला घासाघीस आवडते. भुलेश्वरकडे तांबाकाट्याला पितळेचं पातेलं वजनावर घेताना भावावरून जी बोलाचाली होते, ती मला हवीशी वाटते. तिथला माणूसही पातेलं ठोकून आवाज ऐकवतो, कल्हईचं सांगतो. पण आपला निम्मा वेळ भावात जातो. इथे भाव आधीच ठरलेला, म्हणून सगळा वेळ वस्तूला मिळाला. हे मला फार मोलाचं वाटलं.

आज समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, एवढ्या लांब जाऊन सुरी? क्रॉफर्ड मार्केटात काय कमी आहेत?" त्यांना काय काय सांगू? सुरी इथेही मिळेल, ऑनलाइन तर नक्कीच. पण आपण काय रांधतो हे आधी विचारून मग कपाट उघडणारा माणूस बघायला मिळाला, तो प्रवासाचाच भाग होता. देवळं आणि बागा पाहताना आम्ही बाहेरचे होतो. त्या दुकानात आम्ही रोज स्वयंपाक करणाऱ्या दोन बायका होतो.

पात्याला धार लावायला पाण्याचा दगडही घेतलाय. सुरी धारवाल्याच्या चाकावर अजिबात द्यायची नाही, असं आजोबांनी दोनदा टाइप करून दाखवलं.

पुढच्या वेळी ओसाकाजवळच्या साकाईला जायचं. तिथे पातं घडवणारा एक, धार लावणारा दुसरा आणि मूठ बसवणारा तिसरा. बहिणीने आत्तापासूनच पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे.