तुम्ही विचारलंत म्हणून : कंट्री म्युझिक कुठून ऐकायला घ्यायचं?

माझ्या गाडीत बसलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत विचारतो, "हे काय लावलंय?" त्याला मी उत्तर देत नाही, गाणं चालू ठेवतो. खरा प्रश्न उतरताना येतो. "असलं काही ऐकायचं झालं तर सुरुवात कुठून करायची?" असलं म्हणजे कंट्री, अमेरिकेच्या दक्षिणेतलं गावाकडचं संगीत. इतक्यांनी विचारलंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

अलाबामा नावाच्या बँडचा 'फॉर द रेकॉर्ड' घ्या. 1998 सालचा दोन सीड्यांचा संग्रह आहे. पहिल्या नंबरावर पोचलेली 41 गाणी आणि वर तीन नवी, म्हणजे एकूण 44. माझी प्रत मी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनुगाला नोकरीला होतो तेव्हा जुन्या सामानाच्या दुकानात एका डॉलरला घेतली. डबीला तडा होता, सीड्या मात्र धड होत्या.

इथे जाणकार नाक मुरडतात. गाजलेल्या गाण्यांचा संग्रह म्हणजे त्यांच्या लेखी बाजारातून आणलेला तयार फराळ. कलाकार समजून घ्यायचा तर एकेक अल्बम अथपासून इतिपर्यंत ऐकला पाहिजे म्हणे. इतर संगीतात असेलही तसं. पण कंट्री म्युझिक वाढलं ते रेडिओवर. ट्रकच्या केबिनमध्ये, गॅरेजमध्ये, स्वयंपाकघरात, एका वेळी एक गाणं असं. ते गाणं लागलं की हातातलं काम न थांबवता ऐकायचं. अल्बम कोण धरून बसतंय!

आणि हा बँड तर फर्माइशीवरच तयार झालेला. रँडी ओवेन, टेडी जेंट्री आणि जेफ कुक हे तिघे नात्यातले भाऊ, अलाबामा राज्याच्या ईशान्येकडच्या फोर्ट पेन गावचे. 1973 मध्ये हे लोक साउथ कॅरोलायनातल्या मर्टल बीचला गेले आणि तिथल्या 'द बोवरी' नावाच्या बारमध्ये वाजवू लागले. मुख्य कमाई टिपांची. गिऱ्हाईक म्हणेल ते गाणं वाजवायचं, समोरच्या बरणीत नोट पडली तर रात्र चांगली गेली म्हणायचं. 1980 मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीनं करार करेपर्यंत प्रत्येक उन्हाळ्यात हेच चाललं होतं. कुठल्या ओळीला लोक ग्लास खाली ठेवून वर बघतात, हे ज्यांनी सात उन्हाळे रोज रात्री पाहिलं, त्यांची गाणी गाजली तर नवल काय? 'टेनेसी रिव्हर' 1980 मध्येच पहिल्या नंबरावर गेलं आणि मग रांगच लागली. 1982, 83, 84 अशी लागोपाठ तीन वर्षं कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम कलाकाराचा पुरस्कार त्यांनाच. त्याआधी नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्री म्युझिकच्या राजधानीचा, धंदा चालायचा तो एकट्या गायकाच्या नावावर, बँड म्हणजे त्याच्या मागे उभी राहणारी मंडळी. ही मंडळी पुढे आणली यांनी. (गंमत अशी की रेकॉर्डिंगला पुष्कळदा नॅशव्हिलचे भाड्याचे वादकच वाजवत. धंद्याची रीत लगेच कुठे बदलते?)

41 हा आकडा मात्र थोडा हातचा राखून घ्या. एकट्या बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीवर मोजायला बसलात तर इतकी गाणी भरत नाहीत. तेव्हा नंबर देणारी नियतकालिकं एकापेक्षा जास्त होती, आणि ज्या यादीत जे गाणं वर गेलं ते यांनी जमेस धरलं. शेतकऱ्याची पोरं, हिशेब आपल्या बाजूनं करायला उशिरानं का होईना शिकली.

ऐकायचं कसं, तेही सांगतो. ओळीनं ऐकू नका. प्रेमगीतं भरपूर आहेत आणि त्यातली निम्मी एकाच पाकात मुरलेली. नव्वदीतली तर फारच गुळमट. ती नंतर कधीतरी. आधी 'माउंटन म्युझिक' लावा, मग 'रोल ऑन'. 'रोल ऑन'मध्ये बाप अठरा चाकी ट्रक घेऊन सोमवारी निघतो, मागे बायको आणि पोरं. मग फोन येतो, इलिनॉयमध्ये बर्फाच्या वादळात ट्रक आडवा सापडलाय, ड्रायव्हरचा पत्ता नाही. घरी प्रार्थना चालते. पुन्हा फोन वाजतो, तो बापाचाच असतो. एवढीच गोष्ट. पण दोन फोनांच्या मधला तो वेळ ओवेन असा गातो की पहिल्यांदा ऐकताना मी गाडी कडेला घेतली होती. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्यांकडे निरोप यायचा. त्यांचा पोरगा पळत आला की आईचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय.

पण मी या बँडचा झालो तो 'साँग ऑफ द साउथ'मुळे. हे गाणं त्यांचं नव्हे, बॉब मॅकडिलनं लिहिलेलं. अलाबामाच्या आधी बॉबी बेअरनंही गायलं होतं. 1989 च्या सुरुवातीला यांचं पहिल्या नंबरावर गेलं. गाण्याच्या सुरुवातीलाच रस्त्याकडेला कापूस आहे, नालीत कापूस आहे, सगळं घर कापूस वेचतंय आणि श्रीमंत कोणीच होत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात वाढलेला. जिनिंगकडे निघालेल्या बैलबंड्या इतक्या शिगोशीग भरलेल्या असत की रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस अडकून राही. डिसेंबरात त्या रस्त्यानं शाळेत जाताना बाभळीलाच बोंडं फुटल्यासारखं दिसायचं. आम्ही पोरं तो कापूस काढून दुकानदाराला द्यायचो आणि गोळ्या घ्यायचो. पहिल्या वेचणीच्या आधी शेतात सीतादही व्हायचं, ते दहीभाताचं कौतुक मोठं. त्यानंतर सरकारी कापूस खरेदीच्या फेडरेशनच्या केंद्रावर काट्यासाठी दोन-दोन दिवस रांग आणि चुकाऱ्याची, म्हणजे पैशांची वाट, त्याचं कौतुक कोणी करत नसे. आता सांगा, चॅटनुग्याच्या रस्त्यावर सकाळी सात वाजता गाडीत एक अमेरिकन माणूस मला नालीतला कापूस गाऊन दाखवतोय, मी कुठला अल्बम घ्यावा यावर चर्चा करत बसू?

गाण्यातली पुढची गोष्ट अशी. वॉल स्ट्रीट, म्हणजे शेअर बाजार कोसळला, पण हे घर आधीच इतकं गरीब की फरक कळलाच नाही. आई आजारी पडली, बाप खचला, शेत सरकारदरबारी गेलं आणि कुटुंब शहरात आलं. मग बापाला टीव्हीएमध्ये नोकरी लागली. टीव्हीए म्हणजे टेनेसी व्हॅली ऑथोरिटी, 1933 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात निघालेली सरकारी संस्था. टेनेसी नदीवर धरणं बांधून तिनं त्या खोऱ्यात वीज नेली. पगार आला, तसं घरात आधी कपडे धुवायचं यंत्र आलं आणि मग शेवरोले गाडी. मॅकडिलनं क्रम बरोब्बर लावलाय. आमच्याकडे आधी मिक्सर आला होता.

ओवेन आणि जेंट्री दोघेही लुकआउट माउंटनवरच्या कापसाच्या शेतात राबत वाढलेले, त्यामुळे दुसऱ्याचं गाणं त्यांच्या तोंडी परकं वाटत नाही. जेंट्री तर पैसा आल्यावर पुन्हा शेतीकडेच वळला. साउथ पोल नावाची गुरांची एक जात त्यानं तयार केली. चॅटनुग्याहून तासाभरावर त्यांचं गाव, म्हणून एका रविवारी गेलो. एकेकाळी हे गाव जगाची मोज्यांची राजधानी म्हणवून घ्यायचं, इतक्या गिरण्या होत्या. बाहेरचा स्वस्त माल आला आणि बहुतेक बंद पडल्या. मुख्य रस्त्याला बँडचे ब्राँझचे पुतळे आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून मला हिंगणघाटच्या बंद पडलेल्या गिरणीची भिंत आठवली.

एक गोष्ट लपवत नाही, कारण तुम्ही जुनी कव्हरं शोधायला जाल तेव्हा दिसेलच. त्यांच्या सुरुवातीच्या अल्बमांवर कॉन्फेडरेट झेंडा आहे, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या राज्यांचा. 'आमच्या भागाची खूण' एवढंच त्यांच्या मनात असेल, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. त्याच जमिनीवर पिढ्यानपिढ्या फुकट कापूस वेचलेल्या काळ्या माणसांना तो झेंडा खूण म्हणून दिसत नाही. आणि 41 गाण्यांत कापूस किती वेळा येतो, 'हाय कॉटन'मध्ये तर शीर्षकातच आहे, पण ती माणसं त्यात नाहीत. गाणं आवडतं, हे खुपतं, आणि दोन्ही एकाच गाडीत बसून असतात.

जेफ कुक 2022 मध्ये गेला. पार्किन्सन्सनं बोटं ऐकेनाशी झाल्यावर त्यानं दौरे सोडले होते. 'इफ यू आर गोना प्ले इन टेक्सास' लावाल तेव्हा फिडलकडे, म्हणजे व्हायोलिनकडे लक्ष द्या. हे वाद्य मैफलीत तोच वाजवायचा.

बाबा एकदा तीन महिन्यांसाठी आले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. मी गाडीत 'साँग ऑफ द साउथ' लावलं आणि ओळीमागून ओळ सांगत गेलो. नालीतला कापूस, खचलेला बाप, गेलेलं शेत. ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, लक्ष नाही.

"भाव काय भेटे त्यायले?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. 1929 मध्ये पौंडाला सतरा सेंटच्या आसपास, 1931 मध्ये सहा सेंटच्याही खाली. तसं सांगितलं.

"हा रुईचा भाव का सरकीसकट?"

पुन्हा शोधलं. रुईचा, सरकी काढल्यावरचा.

"म्हंजे कापसाचा त्याहूनही कमीच," ते म्हणाले. बोटांवर काहीतरी मोजलं, आणि मग म्हणाले, "लाव बरं ते परत."